टर्बोला हुकूम पोचतो का?

पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या गाडीला खंबाटकीचा घाट चढावा लागतो. साताऱ्याहून पुण्याला जाणारी गाडी बोगद्यातून निघून जाते. गेली कित्येक वर्षं ही वाटणी आहे, आणि त्यामुळे आमच्या भागातल्या डिझेल गाड्यांची खरी परीक्षा येतानाच होते. महामार्गावर ऐंशी-नव्वदने सुरळीत चाललेली गाडी पहिल्या मोठ्या वळणानंतर दबते. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला तरी ती उचलत नाही. इंजिनाचा आवाज येतो, जोर येत नाही. एखाद्या गाडीत त्याच वेळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि पुन्हा सुरू केली, की पुढचा उतार अन् सपाटी ती निमूट चालते. दुसऱ्या दिवशी मालक गॅरेजमध्ये सांगतो, "गाडी ओढत नाही." आणि फार वेळा उत्तर तयार असतं, "टर्बो गेला."

हे उत्तर फार घाईचं आहे. ज्या गाड्यांत टर्बोची ताकद कमी-जास्त करता येते, त्यांत टर्बो आपल्या मनाने काहीच ठरवत नाही. किती दाब द्यायचा हा हुकूम इंजिनाचा संगणक देतो, आणि अशा पुष्कळ गाड्यांत तो टर्बोपर्यंत पोचतो एका बारीक नळीतल्या व्हॅक्यूमच्या रूपाने. वाटेत हुकूम हरवला तर टर्बो ठणठणीत असूनही गप्प बसतो. टर्बो बदलायचा खर्च कित्येक हजारांत जातो, फुटलेली नळी शे-दोनशेत येते. गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला हा फरक महिन्याच्या कमाईएवढा असतो, म्हणून टर्बोला दोष देण्याआधी त्याला हुकूम पोचतो का, हे पाहायला हवं. ते पाहण्याची रीत अवघड नाही, पण आधी यंत्रणा नीट समजून घ्यावी लागते.

साताऱ्याला डिझेल इंजिन नवं नाही. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली इथे कारखाना काढला, त्यात पुढे डिझेल इंजिनं तयार होऊ लागली, आणि हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. विहिरीवर, गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीवर ठकठक करणारी ती इंजिनं आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिली. त्यांत टर्बो नव्हता. शक्ती कमी झाली की कारण डिझेलच्या वाटेत तरी शोधायचं, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये: फिल्टर, नोझल, पंप, रिंगा, वॉल्व. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या मिस्त्रींचा हात त्यातच तयार झाला आणि तो हात आजही कामाचा आहे. पण टर्बो आल्यावर शक्तीचा हिशोब डिझेलकडून हवेकडे सरकला. इंजिनात हवा जितकी जास्त कोंबाल तितकं जास्त डिझेल नीट जळेल, हे साधं गणित आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून ती हवा कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट करून ठेवली होती. आपल्या घरच्या गाड्यांपर्यंत ती यायला पाऊणशेहून जास्त वर्षं लागली.

या कल्पनेत एक अडचण होती. धूर कमी असताना, म्हणजे इंजिन हळू फिरताना, पंख्याला जोर मिळत नाही. इंजिन जोरात फिरलं की जोर नको इतका मिळतो. लहान टर्बो बसवला तर खालच्या वेगाला चांगला आणि वरच्या वेगाला गुदमरणारा, मोठा बसवला तर उलटं. यावर उपाय म्हणून टर्बाइनच्या भोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं बसवलं गेलं. पाती मिटली की वाट अरुंद होते, धूर वेगाने पंख्यावर आदळतो, आणि कमी धुरातही दाब तयार होतो. पाती उघडली की वाट रुंद, धूर आरामात जातो. आपल्याकडे गाडीच्या मागे 'व्हीजीटी' लिहिलेलं असतं ते हेच. पात्यांचं कडं फिरवायला बाहेर एक दांडी असते, दांडीच्या टोकाला डबीसारखा अ‍ॅक्च्युएटर, आणि त्या डबीच्या पोटात रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली की तो दांडीला ओढतो आणि पाती मिटतात. हवा परत आली की स्प्रिंग दांडीला मागे ढकलते आणि पाती उघडतात.

इथेच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे, आणि ती भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते. व्हॅक्यूम मिळाला तर शक्ती, न मिळाला तर शक्ती नाही, अशी ही रचना मुद्दाम केलेली आहे. नळी तुटली तर टर्बो बेफाम फिरून स्वतःचा आणि इंजिनाचा सत्यानाश करू नये, म्हणून बिघाड नेहमी कमी शक्तीच्या बाजूला पडावा, असा विचार रचना करणाऱ्याने केला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, त्याला मोकाट सोडणं परवडणारं नसतं. म्हणजे खंबाटकीत दबलेली गाडी कित्येकदा स्वतःला सांभाळत असते.

आता हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोल इंजिनाच्या वाटेत थ्रॉटलची झडप असते, ती मिटलेली असताना इंजिन हवेसाठी धडपडतं आणि मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेल इंजिन मोकळ्या तोंडाने श्वास घेतं, शक्ती हवेने नाही तर डिझेलच्या मापाने कमी-जास्त होते, म्हणून तिथे फुकटचा व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. जुन्या सुमो, बोलेरोच्या पिढीत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असायचा. नंतरच्या बहुतेक कॉमन-रेल इंजिनांत तो कॅमशाफ्टच्या टोकाला बसला. आत पाती फिरतात आणि इंजिनाचंच ऑइल त्यांना वंगण देतं. पंपातून निघालेल्या मुख्य नळीचा पहिला मान ब्रेकच्या बूस्टरचा. मग फांद्या फुटतात: टर्बोकडे, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर वॉल्वकडे, काही फोर-बाय-फोर गाड्यांत पुढच्या चाकांच्या हब-लॉककडे, कुठे ईजीआर कूलरच्या बायपासकडे. सगळ्यांचा साठा एकच.

व्हॅक्यूम ओढतो, असं आपण बोलतो, पण ओढण्याची ताकद पोकळीत नसते. ढकलते ती बाहेरची हवा. इटलीत टॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी धरून हे दाखवलं. हवेचं वजन पाऱ्याचा स्तंभ सुमारे तीस इंच उचलून धरतं, आणि आपल्या गॅरेजमधला गेज अजूनही त्याच इंचांत बोलतो. अ‍ॅक्च्युएटरच्या पडद्याचा व्यास समजा पाच सेंटीमीटर आहे. त्याच्या मागे पंधरा इंच व्हॅक्यूम दिला, तर बाहेरची हवा त्या पडद्याला दहा किलो वजनाच्या जोराने ढकलते. पाती हलवायला एवढं पुरे होतं. पण नळीला केसाएवढी चीर पडली आणि पंधराचे सात-आठ इंच झाले, तर जोर निम्म्यावर येतो, दांडी अर्ध्यातच थांबते, आणि घाटात ज्या घडीला पाती मिटायला हवीत त्या घडीला ती अर्धी उघडी राहतात. गाडी पूर्ण मरत नाही, अर्धी मरते. म्हणून निदान चुकतं.

बाहेरच्या हवेचाच जोर असल्यामुळे उंचीचाही हिशोब ठेवावा लागतो, आणि आमच्या भागात तो फार ठेवावा लागतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. दर तीनशे मीटरला हवेचा दाब साधारण एक इंच पाऱ्याने उतरतो. समुद्रकाठी हवेचा दाब तीस इंचांच्या जवळ असेल, तर सांगलीत तो अठ्ठावीस, साताऱ्यात साडेसत्तावीस, महाबळेश्वरात साडेपंचवीस इंचांच्या घरात असतो. कोणताही पंप आसपासच्या हवेपेक्षा जास्त व्हॅक्यूम दाखवू शकत नाही. मिरजेत जो पंप पंचवीस-सव्वीस इंच दाखवतो तोच पाचगणी-महाबळेश्वरला बावीस-तेवीसवर थांबेल, आणि त्यात पंपाचा काही दोष नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा आहे की नाही हे न पाहता वर डोंगरात पंप 'कमजोर' ठरवून बदललेले असतात. हाच हिशोब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. किल्ली चालू, इंजिन बंद असताना स्कॅनरवर मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: सांगलीत ९५ किलोपास्कलच्या आसपास, साताऱ्यात ९३, महाबळेश्वरात ८६. तो भलताच आकडा दाखवत असेल, तर संगणकाला मिळणारी खबरच खोटी आहे, आणि पुढची सगळी मोजमापं त्या खोटेपणावर उभी राहतील. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्यात आधी करायचं आहे.

पंप आणि टर्बो यांच्या मधे एक छोटा मध्यस्थ असतो. गॅरेजमध्ये त्याला मॉड्युलेटर किंवा सोलेनॉइड म्हणतात. त्याला तीन तोंडं: एकात पंपाचा व्हॅक्यूम, एकात बाहेरची हवा, तिसऱ्यातून दोहोंचं मिश्रण अ‍ॅक्च्युएटरकडे. संगणक त्याला सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करायला लावतो, आणि उघडं राहण्याच्या प्रमाणावर पुढे जाणारा व्हॅक्यूम ठरतो. बाहेरच्या हवेच्या तोंडाला स्पंजचा बारीक फिल्टर असतो, कधी नळीच्या टोकाला, कधी मॉड्युलेटरच्या टोपीखाली. हा फिल्टर कोणी साफ करत नाही, कारण तो आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या, किंवा उसाच्या हंगामात फडाच्या कडेने फिरणाऱ्या गाड्यांत तो मातीने गच्च भरतो. मग बाहेरची हवा आत येत नाही, अ‍ॅक्च्युएटरमधला व्हॅक्यूम सुटत नाही, पाती मिटलेलीच राहतात, आणि दाब ठरल्यापेक्षा वर चढतो.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण गोंधळाचं मूळ इथे आहे. दाब कमी पडला तर गाडी ओढत नाही, हे उघड आहे. पण दाब जास्त झाला तरी गाडी ओढत नाही. संगणक धोका ओळखतो, डिझेल आवरतो आणि गाडीला लिम्प मोडमध्ये, म्हणजे जपून चालायच्या कमी शक्तीत, टाकतो. चालवणाऱ्याला दोन्ही वेळा तोच अनुभव, तीच तक्रार. फरक फक्त स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडमध्ये दिसतो: पी ०२९९ म्हणजे दाब कमी, पी ०२३४ म्हणजे दाब जास्त. पहिल्यात व्हॅक्यूम पोचत नाही, दुसऱ्यात बहुधा व्हॅक्यूम सुटत नाही किंवा पाती काजळीने अडकली आहेत. कोड न वाचता टर्बो उघडणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही. आणि कोड वाचून 'टर्बोचा कोड आला' म्हणणाऱ्यालाही कळणार नाही, कारण पी ०२९९ मध्ये टर्बो खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. दाब मागितला तितका आला नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे.

सातारा आणि सांगली यांत तक्रारीचा फरकही यातूनच उलगडतो. कृष्णाकाठच्या सपाटीवर मिरज, तासगाव, पलूस अशी रोज फिरणारी गाडी पूर्ण दाब क्वचितच मागते. अर्ध्या व्हॅक्यूमवर ती महिनोन्‌महिने चालते, आणि मालकाला 'थोडा पिकअप कमी झालाय' यापलीकडे काही जाणवत नाही. तीच गाडी पाहुण्यांना घेऊन पसरणीच्या घाटाने पाचगणीला निघाली, किंवा चिपळूणहून माल भरून कुंभार्ली चढू लागली, की बिघाड तोंड वर काढतो. मालकाला वाटतं, घाटाने गाडी बिघडवली. बिघाड जुना असतो. म्हणून सांगलीच्या गॅरेजच्या दारात सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून 'गाडी ठीक आहे' म्हणणं पुरेसं नाही. ज्या भारावर तक्रार येते त्याच भारावर तपासणी झाली पाहिजे.

ती कशी, ते जवळून पाहू. अ‍ॅक्च्युएटरच्या तोंडाशी, म्हणजे हुकूम जिथे पोचायचा तिथे, नळी कापून मधे एक 'टी' बसवायची. टीच्या तिसऱ्या तोंडाला पाच-सहा फूट लांब जाड भिंतीची नळी लावून ती बॉनेटच्या फटीतून, वायपरच्या कडेने, डाव्या काचेतून आत घ्यायची. वायपर आणि गरम भाग टाळून ती दोन-तीन ठिकाणी टेपने चिकटवायची. आत बसलेल्याच्या हातात व्हॅक्यूम गेज, मांडीवर स्कॅनर. चालवणारा दुसरा, त्याने फक्त रस्ता पाहायचा. इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी चालवायची, थंड इंजिनावरचं माप धरायचंच नाही. घाट सुरू झाला की तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशेच्या आसपास फेऱ्यांपासून पूर्ण रेस. आता एकाच क्षणी तीन आकडे पाहायचे: संगणकाने मागितलेला दाब, मिळालेला दाब, आणि गेजवरचा व्हॅक्यूम. पूर्ण भाराला चांगल्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब साधारण दोनशे किलोपास्कलच्या वर जातो, नेमका आकडा त्या त्या इंजिनाचा.

या तीन आकड्यांनी सगळं प्रकरण मधोमध दुभागतं. दाब कमी आणि गेजवरचा व्हॅक्यूमही कमी, तर हुकूम पोचलेला नाही, दोष टर्बोच्या अलीकडे आहे. दाब कमी आणि व्हॅक्यूम मात्र भरपूर, तर हुकूम पोचला आहे, दोष पलीकडे: टर्बोत, किंवा टर्बोनंतरच्या इंटरकूलरच्या पाइपात, कुठे क्लॅम्प सैल, कुठे रबर फाटलेलं. इंटरकूलरचा पाइप फुटला की बहुधा फुसफुस आवाज येतो, जोडाशी ऑइलचे डाग दिसतात, मागून काळा धूर निघतो. व्हॅक्यूमची नळी फुटली की यातलं काहीच दिसत नाही. एवढ्या एका मापाने निम्मी यंत्रणा संशयातून मुक्त होते. माझ्या मते डिझेल गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजमध्ये टी आणि गेज हे पान्याइतकेच हाताशी असायला हवेत.

हुकूम पोचत नसेल तर मग उगमाकडून चालत यायचं. तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकच्या शेवटच्या वेलींना पाणी पोचेना, तर शेतकरी मोटार बदलत नाही. आधी फिल्टरपाशी गेज पाहतो, मग सबमेन, मग एकेक लॅटरल चालत जातो, कुठे उंदराने कुरतडलंय, कुठे जोड निसटलाय ते शोधतो. इथेही अगदी तसंच. पहिलं माप पंपाच्या तोंडाशी, बाकी सगळं बाजूला काढून. इंजिन सुरू होताच काही सेकंदांत गेज वर चढला आणि उंचीच्या हिशोबात बसेल तिथे स्थिरावला, तर पंप चांगला. हळूहळू चढला, किंवा गरम झाल्यावर खाली आला, तर पंपाची पाती झिजली असतील, किंवा वंगणाच्या ऑइलची वाट चोंदली असेल. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. पंप चांगला ठरला, की फांद्या एकेक करून जोडायच्या आणि प्रत्येक जोडणीला गेज पाहायचा. ईजीआरची फांदी जोडताच गेज उतरला, तर टर्बोचा व्हॅक्यूम ईजीआरचा फाटलेला पडदा खातो आहे. टर्बोजवळ कितीही शोधलं तरी ते सापडलं नसतं.

नळ्या कुठे फुटतात याचाही एक ठराविक नकाशा आहे. एक्झॉस्टच्या शेजारून जाणारा भाग उष्णतेने कडक होतो आणि वाकवला की तडकतो. नळी जिथे तोटीवर चढते तिथे शेवटचा अर्धा इंच ताणून ताणून चिरतो. पंपातून आलेलं ऑइल आत साचलं तर रबर फुगून लिबलिबीत होतं, आणि असं रबर थंड असताना घट्ट वाटतं, तापलं की सैल पडतं. गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर नळ्या कुरतडतात, आणि नेमक्या वरून न दिसणाऱ्या, इंजिनामागच्या नळ्या कुरतडतात. म्हणून डोळ्यांनी पाहून 'नळ्या ठीक आहेत' म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. प्रत्येक तुकड्याचं एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाला गेज असलेला हाताचा व्हॅक्यूम पंप, म्हणजे हँडपंप, लावायचा आणि काटा टिकतो का ते पाहायचं.

कराडकडच्या एका गाडीचं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. मालकाला एका गॅरेजने टर्बो बदलायला सांगितलं होतं आणि तो पैशांची जमवाजमव करत होता. एका वयस्कर मिस्त्रीने, ज्याचा हात आयुष्यभर नोझल आणि पंपावर चालला होता, गाडी सुरू ठेवून फक्त दांडीकडे पाहिलं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक व्हीजीटी गाड्यांत इंजिन सुरू होताच दांडी आत ओढली जाते आणि बंद केलं की परत येते. इथे ती अर्ध्यातच थांबली होती. त्याने अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तिथे हँडपंप लावला आणि सावकाश दाबला. काटा चार-पाच इंचांवर आल्यावर दांडी हलली, सोळा-सतराला पूर्ण आत गेली, कुठे अडखळली नाही, आणि पंप सोडल्यावर काटा जागचा हलला नाही. "टर्बोची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नाय," एवढंच तो म्हणाला. चीर सापडली ती मॉड्युलेटरमागच्या क्लिपच्या खाली, क्लिप काढल्याशिवाय दिसली नसती अशी. नवी नळी क्लिपपासून बोटभर दूर धरून बसवली, कारण तशीच बसवली असती तर ती पुन्हा तिथेच घासली असती.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. दांडीच्या टोकाला लांबी कमी-जास्त करायचा नट असतो, त्यावर कारखान्याची रंगाची खूण असते. दाब कमी येतो म्हणून तो नट फिरवून पाती थोडी जास्त मिटवून देणारे हात आपल्याकडे आहेत. चार दिवस गाडी उडते, मालक खूश होतो. पण चीर तशीच राहते, आणि ज्या दिवशी कोणी ती बुजवेल त्या दिवशी पूर्ण व्हॅक्यूम आणि आखूड दांडी एकत्र येऊन दाब मर्यादेबाहेर जाईल.

व्हॅक्यूमचा साठा एकच आहे असं वर म्हटलं, त्याचा दुसरा अर्थ ब्रेकशी आहे आणि तो जिवाशी आहे. शक्ती कमी होण्याबरोबर ब्रेकचं पेडल कडक लागत असेल, तर दोष पंपात किंवा मुख्य नळीत आहे असं समजून गाडी घाटात न्यायचीच नाही. पेडल नेहमीसारखं आहे म्हणजे व्हॅक्यूम ठीक, असं उलट मात्र धरता येत नाही, कारण बूस्टरच्या नळीत एकमार्गी वॉल्व असतो आणि तो आपला साठा जपून ठेवतो. टर्बोची फांदी गळत असतानाही ब्रेक चांगले लागू शकतात. आणि पसरणी, कुंभार्ली, केळघर उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगावंसं वाटतं: इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठा संपतो, आणि मग दोन्ही पाय लावले तरी गाडी लवकर थांबत नाही.

हे सगळं कोणत्या गाडीला लागू, तेही आधी पाहायला हवं. एकाच १.३ लिटर डिझेल इंजिनाच्या ७५ अश्वशक्तीच्या स्विफ्टमध्ये टर्बो साधा, पाती न हलणारा, आणि ९० अश्वशक्तीच्या अर्टिगामध्ये पाती हलणारा. डस्टरमध्येही ८५ आणि ११० अश्वशक्तीत असाच फरक. साध्या टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर बहुधा व्हॅक्यूमवर चालत नाही, टर्बोच्याच दाबावर वेस्टगेट उघडतो, आणि त्याची नळी फुटली तर परिणाम उलटा होतो. बीएस ६ च्या कित्येक गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, पाती हलवायला विजेची मोटर आहे, तिथे हुकूम वायरीतून जातो. बॉनेट उघडून डबीला बारीक नळी येते की वायरीचा जोड, एवढं पाहिलं तरी वाट ठरते.

आणि कधी कधी खरोखर टर्बोच गेलेला असतो, हेही तितक्याच स्वच्छपणे मान्य करायला हवं. हँडपंपाने दांडी हलवताना ती मधेच अडखळली, किंवा आत गेली ती परत आली नाही, तर पात्यांच्या कड्यात काजळी धरली आहे. सतत गावात, कमी वेगात फिरणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं आणि पुष्कळदा टर्बो उतरवून साफ केल्यावर सुटतं. काटा टिकला नाही तर पडदा फाटला आहे, आणि बऱ्याच टर्बोंचा अ‍ॅक्च्युएटर एकटा बदलता येतो, फक्त नंतर त्याची दांडी मापाने बसवून घ्यावी लागते. व्हॅक्यूम भरपूर, दांडी मोकळी, इंटरकूलरचे पाइप घट्ट, हवेचा फिल्टर स्वच्छ, एक्झॉस्ट मोकळा, आणि तरीही घाटात दाब येत नाही, तर मग टर्बो उघडावा. तोंडाचा पाइप काढून बोटाने चाक हलवून पाहिलं की दांड्याला दोन्ही बाजूंनी ढिलाई लागते, पात्यांच्या कडा घराला घासलेल्या दिसतात, आत ऑइल ओघळलेलं असतं. तेव्हा मालकाला गाडीजवळ बोलावून ते चाक त्याच्या हाताने हलवू द्यावं, घाटातले तिन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत, आणि मगच नव्या टर्बोची ऑर्डर द्यावी.